त्यांना ‘नाही’ शिकवू नका

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

शाळा सुटल्यावर आपण दोघी फाटकाजवळच्या कठड्यावर बसायचो, आणि गाडीला ड्रायव्हर असूनही काका स्वतः खाली उतरून तुला न्यायला यायचे, ते आठवतं का गं? एवढे मोठे धर्मगुरू दाराशी उभे म्हणून सिस्टर लोकांची नुसती धांदल उडायची. कुणी खुर्ची आणायचं, कुणी पाणी. काका मात्र आपल्या शेजारी कठड्यावरच टेकायचे आणि खिशातून संत्रं काढून सोलायला लागायचे. साल अखंड निघालं पाहिजे हा त्यांचा हट्ट. पहिली फोड मला, कारण मी परकी. तू फुगून म्हणायचीस, “बाबा माझे आहेत की हिचे?” आणि ते म्हणायचे, “आज जिची वेणी नीट असेल तिचे.” तुझी वेणी कधीच नीट नसायची.

आज सकाळी त्यांच्या खोलीत बसले होते तेव्हा हे सगळं आठवलं, म्हणून लिहायला घेतलं. ‘त्या आवारात राहणाऱ्यांशी माझा काही संबंध नाही’ असं तू मला शेवटच्या पत्रात लिहिलं होतंस. मी अजून धर्मपीठाच्या त्याच आवारात राहते. ह्यांच्या छापखान्यातल्या नोकरीमुळे मिळालेल्या त्या दोन खोल्या, हे गेल्यावरही काकांनी माझ्याकडे राहू दिल्या. तेव्हा हे पत्र न वाचता फाडलंस तरी मी रागावणार नाही.

बातमी तुला कळली असेलच. दाढी करता करता काका पडले. मेंदूत रक्त साकळलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तुझ्या चुलतभावाने मला बोलावलं. मी हॉस्पिटलमधून निवृत्त झाले असले तरी झटक्यानंतर माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारं इथे दुसरं जुनंजाणतं आहे कोण? तुझा चुलतभाऊ म्हणजे आपण ज्याला ‘नाकातला’ म्हणायचो तोच. आता त्याला सगळे ‘धाकटे’ म्हणतात आणि काकांना ‘थोरले’. तो अजून नाकातूनच बोलतो, पण माइक चांगले आलेत.

काकांना मी रोज भेटते. दुःख होईल असं काही आज लिहीत नाही. त्यांचे केस कुणीतरी चुकीच्या बाजूला विंचरतं, ते मी गेल्यावर नीट करते. एवढंच.

तुझी
ठकी

२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर आलं. अख्ख्या कागदावर दोनच शब्द: ‘बोलतात का?’

बोलतात. एकच शब्द. ‘हो.’

हे तुला नीट समजावून सांगायला हवं, कारण तू टीव्हीवर काहीतरी वेगळंच पाहिलं असणार. अशा झटक्यानंतर काही जणांच्या तोंडात एकच शब्द उरतो. माझ्याकडे एक वकील यायचे, त्यांना फक्त ‘मंगळवार’ म्हणता यायचं. बायकोवर चिडले तरी मंगळवार, नात मांडीवर बसली तरी मंगळवार. आत विचार असतात, माणूस शाबूत असतो, पण तोंड उघडलं की बाहेर तेच पडतं. काकांच्या वाट्याला ‘हो’ आलाय.

हे तपासायची आमची एक साधी पद्धत आहे. उलटसुलट प्रश्न विचारायचे. मी विचारलं, “काका, खिडकी उघडी आहे?” हो. “खिडकी बंद आहे?” हो. “तुम्ही पुरुष आहात?” हो. “तुम्ही बाई आहात?” हो. आणि भिंगरी, हे शेवटचं म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चुकतंय हे त्यांना कळतं गं. शब्द बाहेर पडला की ते असे बघतात, जणू दुसरंच कुणी त्यांच्या तोंडून बोललंय.

मी हे सगळं धाकट्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, “तुमचे उपकार आहेत,” म्हणाले, आणि त्याच आठवड्यात साहेबांना खोलीत घेऊन आले. साहेब म्हणजे ते मंत्री, या निवडणुकीत ज्यांना सगळ्यात वरची खुर्ची हवी आहे. काका धडधाकट होते तोवर यांना त्यांनी कधी व्यासपीठाची पायरी चढू दिली नाही. “धर्मपीठाने राज्यकर्त्याचे कान धरावेत, हात धरू नये,” असं म्हणायचे.

साहेब पलंगाशी वाकले. सोबत कॅमेरा होताच.

“थोरले, माझ्यावर आपला आशीर्वाद आहे ना?”

“हो.”

“आणि आपल्यामागे धाकट्यांनी पीठ सांभाळावं, अशीच आपली इच्छा ना?”

“हो. हो. हो.”

ते तिसरं ‘हो’ म्हणजे किंकाळी होती. लोकांना वाटलं, उत्साह. कॅमेरावाले बाहेर पडल्यावर मी साहेबांना म्हटलं, “अहो, मी आत्ता विचारलं की तुम्ही टेबल आहात का, तर त्यालाही ते हो म्हणतील.” साहेब हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाई, श्रद्धा असली की असले प्रश्न सुचत नाहीत.”

अंगाचा तिळपापड झाला. पण सिस्टरांनी आपल्याला मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही हे इतकं पक्कं शिकवलंय की मी जागच्या जागी पदर सारखा करत राहिले.

ठकी

११ मार्च

प्रिय भिंगरी,

आज आनंदाची गोष्ट आहे. काका हसले.

झालं असं. त्यांना दुधावरची साय अजिबात चालत नाही, हे तुला माहीत आहे. ती नवी नर्स रोज सायीसकट दूध आणायची आणि विचारायची, “देऊ?” ते म्हणायचे हो, आणि ती चमचा तोंडात घालायची. एक दिवस मी बघितलं, तोंड ‘हो’ म्हणत होतं आणि डावा हात, जो धड आहे तो, चादरीवर जरासा पुढे सरकत होता. ढकलल्यासारखा. नर्सला तो दिसतही नव्हता. मला दिसला, आणि मी त्याच्या मागे लागले.

रोज सायीचं दूध, रोज तोच प्रश्न. हात हलला की मी कप लगेच मागे घ्यायची. हलला नाही तर नाही घ्यायची. चार दिवस चिडले माझ्यावर. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की हाताने ढकललं की जग थांबतं. नंतर दूध नाही, नुसते प्रश्न. “काका, आज पाऊस आहे?” बाहेर लख्ख ऊन. तोंड म्हणालं हो आणि हाताने ढकललं. “मी तुमची आई आहे?” हो, आणि ढकललं. “तुम्ही बाई आहात?” हो म्हणता म्हणता हात असा जोरात पुढे आला की कप आडवा झाला, आणि ते हसायला लागले. अर्ध्याच तोंडाने, पण तेच ते, पोट हलवणारं हसू. मी पण हसले. दोघंही दुधाने भिजलो.

तर आता त्यांच्याजवळ ‘नाही’ आहे. डाव्या हातात.

मी वेड्यासारखी धावत धाकट्यांच्या कार्यालयात गेले. त्यांना आनंद होईल असं का वाटलं मला, देव जाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावलं.

“काकू, तुम्ही थकलात. आता थोडी विश्रांती घ्या.”

“मी थकले नाही. ते शिकतायत.”

“हेच म्हणतोय. थोरल्यांना या वयात त्रास कशाला? ‘हो’ किती सुंदर शब्द आहे. लोक रडतात ऐकून. ज्या माणसाने आयुष्यभर इतक्यांना नकार दिला, त्याच्या ओठांवर देवाने शेवटी फक्त होकार ठेवला. मी यावर प्रवचन करणार आहे रविवारी.”

“तो देवाने नाही ठेवला. रक्ताच्या गुठळीने ठेवलाय.”

“काकू,” ते अगदी प्रेमाने म्हणाले, “त्यांना ‘नाही’ शिकवू नका.”

मी तरी जाते आहे. अजून कुणी अडवलेलं नाही.

तू विचारलंस, ‘माझं नाव घेऊन त्यांना काही विचारलंस का?’ अजून नाही विचारलं. सराव पक्का होऊ दे, मग बघू.

ठकी

२८ मार्च

प्रिय भिंगरी,

तुला बोलावणं आल्याचं मला आवारातून आधीच कळलं होतं. तुझ्या पत्रातला आनंद वाचून मी पत्र तसंच मांडीवर ठेवून बसले. किती वर्षांनी तुझं अक्षर असं तिरकं धावतंय.

पण मला बोलायलाच हवं.

तुला का बोलावलंय ते सांगते. साहेबांनी पहिल्या बायकोला टाकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. लग्न मोडणाऱ्याला प्रार्थनेच्या सभागृहात बसायला जागा नाही, हा काकांचा नियम. त्याच नियमाने तू बाहेर गेलीस. नवऱ्याने तुझा हात मोडला होता, तो गळ्यात बांधून तू काकांसमोर उभी होतीस, आणि ते म्हणाले होते, नियम माझ्या मुलीपासून सुरू होतो. लोकांनी केवढं कौतुक केलं होतं त्या वाक्याचं. हे दोघे तो नियम मोडू धजत नाहीत, श्रद्धाळू मतं जातील. म्हणून मोठ्या सभेत थोरल्यांना विचारायचं, मुलीला क्षमा केली ना? हो. लेकीला क्षमा झाली तर साहेबांनाही झाली. मग लगेच धाकट्यांचा वारसा, आणि साहेबांचा आशीर्वाद. तू त्यांची पहिली पायरी आहेस गं. तुझ्यावर पाय ठेवून ते दोघे वर चढणार आहेत.

धाकट्यांचं दुसरं घर नदीपलीकडे आहे, तिथे एक बाई आणि दोन मुलं आहेत, हे आवारातल्या मांजरालाही ठाऊक आहे. पण तिथे लग्नच झालेलं नसल्यामुळे काही मोडलेलं नाही!

आता जे मी तुझ्यापासून लपवलं ते. मागच्या पत्रात ‘अजून नाही विचारलं’ असं मी लिहिलं, ते खोटं होतं. विचारलं होतं. सराव पक्का झालेला होता, ते पत्र लिहिलं त्याच दिवशीची सकाळ, ते ताजेतवाने. मी म्हटलं, “काका, भिंगरीला इकडे बोलावू का?”

तोंड म्हणालं, हो.

हाताने ढकललं.

रडू नकोस. आधी माझं ऐक. आमच्या कामात एका उत्तरावर कधी विसंबत नाहीत. उलटा प्रश्न विचारावाच लागतो. पण तो त्याच बैठकीत विचारायचा नसतो, कारण माणूस दमला की सगळ्यालाच ढकलतो. मी ठरवलं, उद्या विचारीन, ‘भिंगरी आली नाही तर चालेल का?’ दुसऱ्या दिवशी दारावर दोन तरुण उभे. “थोरल्यांना आता शांतता हवी आहे.” तेव्हापासून मी त्यांना पाहिलेलं नाही.

म्हणून मला अर्धंच माहीत आहे. त्या ढकलण्याचा अर्थ ‘नको ती’ असेल. ‘या लोकांच्या हाती तिला देऊ नको’ असाही असेल. कदाचित लाजही असेल. मला कळत नाही, आणि कळतं असं मी म्हणणार नाही. कुणाच्या तरी ‘हो’मधून आपल्याला हवं ते काढायचं, हा उद्योग आवारात आधीच दोघं करतायत.

यायचंच असेल तर ये, पण व्यासपीठावर बसू नकोस. आणि बसलीसच, तर त्यांचा डावा हात मोकळा राहील एवढं बघ. दुसरं काही मागत नाही.

ठकी

१७ एप्रिल

भिंगरी,

तू आता माझ्यापासून पाच मिनिटांच्या वाटेवर आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. दारावरच्या पोरांनी काल दोनदा परत पाठवलं. “ताई कुणाला भेटत नाहीत.” नर्स भली आहे, ती हे पत्र आत आणील.

सभेत मी तिसऱ्या रांगेत होते. तुला दिसले असेन. तू पांढऱ्या साडीत आलीस तेव्हा माझ्या शेजारची बाई म्हणाली, “अगदी थोरल्यांसारखं नाक आहे हो.” मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

काकांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. अंगावर शाल. साहेब त्यांच्या डाव्या बाजूला जायला निघाले, आणि मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस तो हात धरून बसणार. पण धाकटे त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि त्यांनी ती जागा तुला दिली. तू गुडघ्यांवर बसलीस आणि शालीखाली हात घालून त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतलास.

तीस वर्षांनी लेकीने बापाचा हात धरला. लोक हुंदके देत होते. मीही देत होते, खोटं कशाला बोलू.

मग प्रश्न सुरू झाले. मुलीला क्षमा? हो. साहेबांना आशीर्वाद? हो. धाकटे वारस? हो, हो. आणि प्रत्येक ‘हो’बरोबर ती शाल हलत होती. तुझे खांदे हलत होते. तू रडत होतीस म्हणून, की कुणीतरी जोरात ढकलत होतं आणि तू धरून ठेवत होतीस म्हणून, ते तिसऱ्या रांगेतून कळत नाही.

मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत ओरडले. “त्यांचा हात सोडा! हात सोडा त्यांचा!” लोकांना वाटलं, मला साहेबांना काही करायचंय. दोघांनी काखेत धरून बाहेर नेलं. एकजण म्हणाला, “आजी, घरी कुणी आहे का तुमचं?” दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मी ‘मनोरुग्ण वृद्धा’ आहे. मला मेलीला ‘वृद्धा’चाच जास्त राग आला.

तू चिठ्ठी पाठवलीस: ‘बाबांनी माझा हात घट्ट धरला होता.’

कुणी कुणाचा धरला होता गं?

मी तुला दोष देत नाही. तुला त्यांच्याजवळ राहायला मिळावं एवढीच तुझी अट होती, हेही मला कळलंय. साहेबांना खुर्ची हवी होती, धाकट्यांना गादी आणि तुला बाप. सगळ्यांना एकाच तोंडातून ‘हो’ हवं होतं. त्यात तुझी भूक सगळ्यात खरी होती, म्हणून तर त्यांनी तुलाच तिथे बसवलं.

ठकी

९ मे

प्रिय भिंगरी,

साहेब निवडून आले. ते तुम्हां सगळ्यांना आधीच माहीत होतं. नियम ‘सौम्य’ झाल्याचं पत्रकही निघालं. आपल्या छापखान्यातच छापलंय. आवाराबाहेर काही जुने लोक सकाळी वेगळे जमून प्रार्थना करतात. धाकट्यांना गुरू मानायला ते तयार नाहीत. पण त्यांनाही कुणीतरी आतून सांगणारं हवंय आणि माझ्या बोलण्याला आता कोण विचारतं?

मला खोल्या रिकाम्या करायला सांगितलंय. नोटीस घेऊन आलेला मुलगा पाया पडून गेला, म्हणजे संस्कार टिकून आहेत. मी भाच्याकडे चालले आहे. लांब आहे, पण गॅलरी मोठी आहे म्हणतो.

नर्सने मला एक गोष्ट सांगितली. काका सलाइनची नळी ओढतात म्हणून त्यांच्या डाव्या हातावर कापडी मोजा चढवून तो पलंगाच्या दांडीला बांधतात. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी कधी नळी ओढलेली नाही. तूही तिथेच असतेस. तू त्यांना रोज विचारतेस, “बाबा, मी आले म्हणून बरं वाटलं ना?” आणि ते रोज ‘हो’ म्हणतात. नर्सला वाटतं, किती गोड आहे हे.

तू आत आहेस आणि मी उद्यापासून इथे नसेन, म्हणून काही गोष्टी तुझ्यावर सोपवते. सगळं सामान बाहेरच्या खोलीत ठेवलंय, किल्ली नर्सकडे.

बोलायला शिकवायचे माझे चित्रांचे पत्ते आणि शिट्ट्यांचा डबा हॉस्पिटलमधल्या त्या नव्या मुलीला, जी माझ्या जागेवर आली आहे. ती घाई करते, पण कान चांगला आहे तिचा. तिला सांग, रोग्याला उत्तर द्यायला वेळ दे, आपल्या मनातलं उत्तर देऊ नकोस.

ह्यांचं शिशाच्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या अक्षरांचं, खोकं छापखान्यात ती अक्षरं जुळवणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्याला. तो ते विकून टाकील, टाकू दे.

शिलाई मशीन नर्सला. तिला लग्नानंतर कामाला येईल. निदान नवरा नालायक निघाला तर पोटाला तरी होईल.

बागेतल्या कुंड्या समोरच्या मास्तरीणबाईंना. नको म्हणतील. दारात ठेवून ये.

धाकट्यांना काही नाही. त्यांनी विचारलं तर सांग, काकूंनी आशीर्वाद दिलाय. ते त्यावरही प्रवचन करतील.

सकाळच्या त्या जुन्या लोकांना, तुझ्यात बळ आलं तर, शालीखाली तुझ्या हातांना काय लागलं ते. ते मला वाटता येत नाही, कारण ते माझ्याकडे नाही.

आणि काकांना त्यांचा उरलेला प्रश्न. माझा अर्धा राहिलेला. सकाळी विचार, दूध झाल्यावर, खोलीत कुणी नसताना. मोजा काढ. दांडीचा बंद सोड. बोटं जरा चोळ, आखडली असतील. हात चादरीवर मोकळा ठेव आणि आपला हात बाजूला घे. धरू नकोस, कितीही धरावासा वाटला तरी. मग विचार, “बाबा, मी परत जाऊ का?”

तोंडाकडे बघू नकोस. थांब. त्यांना वेळ लागतो.

तुझी
ठकी